घड्याळाच्या डबीवरून तिच्या कर्त्याच्या कुलाचा शोध

आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं रुप्याच्या दुहेरी डबीचें एक इंग्रजी घड्याळ आहे. सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत तें त्यांच्या पूर्वजांस पुण्याच्या दरबारीं मिळालें, अशी त्या घराण्याची परंपरा. बारा वर्षांपूर्वीं त्यांचा कुलवृत्तान्त छापावयाचा होता, तेव्हां त्यांनीं तें घड्याळ आमच्याकडे आणून त्याचा काळ विचारला. आम्हीं भिंगाखालीं डबीच्या आंतील ठसे पाहिले, कोष्टकाशीं ताडून पाहिले, आणि ‘इ. स. १७७८’ असें लिहून दिलें. परंपरा व पुरावा यांचा मेळ बसला म्हणून सर्वांस समाधान वाटलें, व आमचें मत कुलवृत्तान्तांत छापलेंहि गेलें. तें मत चुकीचें होतें. चूक कोठें झाली हें शोधतां शोधतां आम्हांस इंग्लंडांतील जॉर्जकालीन डबीकारांच्या कुलेतिहासाची बरीच माहिती करून घ्यावी लागली. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या संग्रहीं अशीं घड्याळें आहेत. म्हणून त्या माहितीचा सारांश येथें देण्याचें योजिलें आहे.

‘जॉर्जकालीन’ म्हणजे जॉर्ज नांवाचे चार राजे ज्या काळांत ओळीनें गादीवर होते तो, इ. स. १७१४ पासून १८३० पर्यंतचा काळ. आपल्याकडील मापानें बोलावयाचें तर बाळाजी विश्वनाथांस पेशवाई मिळाल्याच्या पुढील वर्षापासून पेशवाई बुडून बारा वर्षें होईपर्यंतचा. या काळांत लंडन हें घड्याळांच्या धंद्याचें मोठें केंद्र होतें. पण घड्याळ कोणी एक कारागीर करीत असे अशी कल्पना कोणी करून घेऊं नये. यंत्राचे कच्चे भाग लँकेशायरांतील प्रेस्कट गांवाकडून येत. फिरकीवरील सूक्ष्म सांखळी अठराव्या शतकाच्या अखेरीपासून दक्षिणेकडील क्राइस्टचर्च गांवच्या बायका व मुली करीत. तबकडी एकाची, कांटे दुसऱ्याचे, डबी तिसऱ्याची. या सर्वांस एकत्र करून जो आपलें नांव यंत्रावर कोरी, तो पुष्कळदां केवळ दुकानदार असे. आपल्या संग्रहांतील घड्याळांवर जें ठळक नांव दिसतें तें याचें. डबी करणाऱ्याचें नांव कोठेंच नसतें. असतो तो दोन अक्षरांचा एक बारीक ठसा.

खुद्द डबीच्या कामांतहि पोटधंदे होते. पत्रा ओढणारा वेगळा, कडें व पाठ जुळवून झाळणारा वेगळा, बिजागरी बसविणारा वेगळा, कमानीची कळ बसविणारा व उजळा देणारा हे वेगळेच. त्या काळचीं बहुतेक घड्याळें दुहेरी डबीचीं असत. आंतली डबी साधी, यंत्रास धरून राहणारी. बाहेरली तिच्यावर संरक्षणार्थ घातलेली, आणि जेथें धनिकांची हौस असे तेथें हिच्याच पाठीवर उठावाचें काम किंवा मीना. हें उठावाचें काम करणारा पुन्हा तिसराच मनुष्य. या धंद्याचीं घरें लंडन शहराच्या तटाबाहेर क्लार्कनवेल व सेंट ल्यूक या दोन पॅरिशांत दाटलेलीं होतीं. आपल्याकडे एका आळींत सोनार, शेजारच्या आळींत तांबट, आणि दोहोंत सोयरिकी, तसाच तो प्रकार.

आतां ठशांकडे वळूं. सोन्यारुप्याची डबी विकण्यापूर्वीं ती लंडनच्या सोनारांच्या संघाकडे, म्हणजे गोल्डस्मिथ्स कंपनीकडे, कस तपासण्यासाठीं पाठवावी लागे. हजारांत ९२५ भाग शुद्ध रुपें निघालें तर त्यावर चालत्या सिंहाचा ठसा, लंडनचा म्हणून चित्त्याच्या मुखाचा ठसा, आणि वर्ष दाखविणारें एक अक्षर असे तीन ठसे मारीत. चौथा ठसा डबी पाठविणाऱ्याचा, तो त्यानें आधींच मारलेला असे. लहान जागेमुळें डब्यांवर यांतील एखादा ठसा गाळलेला किंवा निम्माच उठलेला आढळतो.

वर्षाक्षर ‘ए’पासून ‘यू’पर्यंत, ‘जे’ वगळून, वीस अक्षरांच्या चक्रांत फिरे. १७३६ पासूनच्या चक्रांत अक्षरें लहान रोमन वळणाचीं. १७५६ पासून जुन्या कोनदार वळणाचीं मोठीं. १७७६ पासून पुन्हा लहान रोमन. १७९६ पासून मोठीं रोमन. आणि १८१६ पासून तिसऱ्यानें लहान रोमन. म्हणजे लहान ‘सी’ हें अक्षर १७३८, १७७८ व १८१८ या तीनहि वर्षीं आलें. तिन्हींच्या चौकटींच्या आकारांत भेद आहे खरा. परंतु शंभर वर्षें बोटांनीं पुसलेल्या डबीवर चौकटीचा कोन सांगण्यास आमच्या डोळ्यांहून चांगले डोळे हवेत. चित्त्याच्या डोक्यावरील मुकुट १८२१ त गेला. तेव्हां मुकुटावरूनहि या तीन वर्षांचा निवाडा होत नाहीं.

निवाडा करावयास एक चौथें साधन आहे असें आम्ही समजत होतों. १ डिसेंबर १७८४ पासून सोन्यारुप्याच्या जिनसांवर कर बसला, आणि कर भरल्याची खूण म्हणून राजाच्या मुखाचा ठसा मारूं लागले. आमच्या स्नेह्यांच्या डबीवर राजमुख नव्हतें. अर्थात् ती १७८४ पूर्वींची; १७३८ फार मागें जातें; परंपरा सवाई माधवरावांच्या काळाची; म्हणून १७७८. हा आमचा युक्तिवाद दिसावयास नेटका होता. त्यांतील खोट अशी, कीं तो ताटवाट्यांस लागू आहे, घड्याळाच्या डब्यांस नाहीं.

झालें असें. १७९७ त मुख्य प्रधान पिट यानें फ्रान्सबरोबरील युद्धाच्या खर्चासाठीं घड्याळ बाळगणाऱ्यांवरच वार्षिक कर बसविला. सोन्याच्या घड्याळास दहा शिलिंग, रुप्याच्या किंवा इतर धातूच्या घड्याळास अडीच शिलिंग, भिंतीवरच्या घड्याळास पांच शिलिंग. लोकांनीं घड्याळें घेणें सोडलें, कारागिरांची उपासमार होऊं लागली, आणि १७९८ च्या एप्रिलांत कर उठवावा लागला. बसलेल्या धंद्यास हात देण्यासाठीं त्याच वर्षीं घड्याळांच्या डब्यांस सोन्यारुप्यावरील जुन्या करांतूनहि सूट मिळाली. कर नाहीं म्हणून राजमुखहि नाहीं. याचा अर्थ, १७९८ नंतरच्या डबीवर राजमुख नसणें हाच नियम आहे. इंग्रजी रुप्याच्या भांड्यांची पुस्तकें चाळून जो कोणी घड्याळाच्या डबीचा काळ ठरवूं जाईल तो चाळीस वर्षांनीं चुकण्याचा संभव आहे. आम्ही बरोबर चाळीस वर्षांनीं चुकलों.

शेवटीं निर्णय झाला तो चौथ्या, म्हणजे कर्त्याच्या ठशावरून. घराण्याच्या इच्छेस मान देऊन तीं अक्षरें येथें छापीत नाहीं. त्या अक्षरांचा, त्याच चौकटीचा ठसा सोनारांच्या संघाच्या नोंदवहींत १८०० नंतरच प्रथम आलेला आहे. डबीच्या आंत ठोकलेला अनुक्रमांक यंत्रावरील अनुक्रमांकाशीं जुळतो. म्हणजे यंत्र व डबी मूळचींच एकत्र आहेत, मागाहून जोडलेलीं नाहींत. आम्हीं पहिल्या खेपेस यंत्र उघडून पाहिलेंच नव्हतें, हेंहि कबूल केलें पाहिजे. तेव्हां ‘सी’ हें १८१८ चेंच. हें वर्षाक्षर जानेवारींत बदलत नसे, २९ मे रोजीं बदले. म्हणून आमच्या डबीचें वर्ष २९ मे १८१८ पासून २८ मे १८१९ पर्यंतचें. त्यांतील पहिल्याच आठवड्यांत, जूनच्या आरंभीं, दुसरे बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले. ज्या दरबारांतून घड्याळ मिळालें म्हणतात तो दरबार डबीवर ठसा पडण्यापूर्वींच मोडला होता.

ठशावरून मनुष्य कसा शोधावा हा पुढचा प्रश्न. १६९७ पासून रुप्याचा कस वाढवून हजारीं ९५८ केला, तेव्हां कर्त्याच्या ठशांत आडनांवाचीं पहिलीं दोन अक्षरें घालण्याचा दंडक झाला. १७३९ च्या कायद्यानें सर्वांनीं जुने ठसे मोडून नांव व आडनांव यांच्या आद्याक्षरांचे नवे ठसे नोंदवावे असें ठरलें. प्रत्येक नोंदींत ठशाची प्रत, तारीख, नांव व राहण्याचा पत्ता असतो, आणि पुष्कळदां सहीहि. आर्थर ग्रिमवेड यांनीं १६९७ ते १८३७ पर्यंतच्या लंडनच्या सोनारांचा कोश १९७६ त प्रसिद्ध केला, व फिलिप प्रीस्टली यांनीं केवळ डबीकारांचा कोश १९९४ त. हे दोन ग्रंथ हाताशीं नसतां या विषयांत मत देणें धाडसाचें आहे. आम्हीं तें धाडस केलें होतें.

तथापि या नोंदवह्यांतहि एक मोठें भगदाड आहे. लहान काम करणाऱ्यांची १७३९ ते १७५८ पर्यंतची वही, आणि मोठें काम करणाऱ्यांची त्यानंतर १७७३ पर्यंतची वही, अशा दोन वह्या गहाळ आहेत. डबीकार हे लहान कामवाले, म्हणून पहिल्या वहीचा नाश आपणांस अधिक बाधतो. भगदाडाची अंशतः भरपाई एका अकल्पित ठिकाणाहून होते. १७७३ त बर्मिंगहॅम व शेफील्ड या गांवांनीं आपापल्या कस तपासण्याच्या कचेऱ्या मागितल्या; त्या निमित्तानें पार्लमेंटाच्या समितीपुढें लंडनच्या कारागिरांची नांवनिशीवार यादी दाखल झाली, ती छापलेली उपलब्ध आहे. दोन गांवांच्या भांडणामुळें तिसऱ्याच गांवच्या सोनारांचीं नांवें वांचलीं! आपल्याकडील वतनाच्या तंट्यांतले महजर आणि निवाडपत्रें ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांस याचें नवल वाटणार नाहीं. घराण्यांचा खरा इतिहास बहुधा तंट्याच्याच कागदांत सांपडतो.

अक्षरांविषयीं एक सूचना. त्या काळीं ‘आय’ व ‘जे’ यांस ठशांत एकच चिन्ह वापरीत. म्हणून पहिलें अक्षर ‘आय’ दिसलें तर कर्त्याचें नांव जॉन, जेम्स, जोसेफ, जेकब, आयझॅक यांतील कोणतेंहि असूं शकेल. आणि त्यांत जॉन तर आपल्याकडील गोविंद-गोपाळांइतके. चौकटीचा आकार, दोन अक्षरांमधील टिंब, यांवरून निवड करावी लागते. चौकट शंकरपाळ्यासारखी चौकोनी असेल तर ठसा बहुधा बाईचा समजावा. नवरा वारल्यावर कारखाना चालविणाऱ्या विधवा स्वतःचा ठसा नोंदवीत. हेस्टर बेटमन हें यांतील प्रसिद्ध नांव. तिचा नवरा जॉन सोन्याच्या सांखळ्या करी. तो १७६० त वारला, आणि पुढल्या वर्षीं तिनें आपला ठसा नोंदविला. तिला लिहितां येत नव्हतें. तरी तिनें तीस वर्षें कारखाना वाढवून मुलें, सून व नातू यांच्या हातीं दिला.

मनुष्य सांपडल्यावर त्याचें कूळ. येथें पहिला उपयुक्त कागद म्हणजे उमेदवारीचा करार. मुलगा चौदा वर्षांच्या सुमारास सात वर्षांकरितां उस्तादाकडे बांधला जाई. करारांत मुलाचें नांव, बापाचें नांव, बापाचें गांव व धंदा, आणि बाप हयात नसल्यास तसा उल्लेख असे. आपल्याकडील ‘बिन अमुक, मौजे अमुक’ याचीच ती जात. शोधकांची नेहमींची चूक अशी, कीं डबीकार म्हणून ते केवळ सोनारांच्या किंवा घड्याळजींच्या संघाच्या वह्या पाहतात. लंडनच्या रिवाजाप्रमाणें कोणत्याहि एका संघाचा सभासद झालेला मनुष्य कोणताहि धंदा करूं शके. म्हणून कापडवाल्यांच्या किंवा लोहारांच्या संघाच्या वहींत डबीकार निघतो. बाप सभासद असला तर मुलास जन्मसिद्ध हक्कानें सभासदत्व मिळे; अशी नोंद सांपडली तर एका ओळींत दोन पिढ्या हातीं लागतात. क्लार्कनवेल मात्र शहराच्या हद्दीबाहेर. तेथें संघाचें सभासदत्व नसतांहि धंदा चाले, आणि असे कारागीर या वह्यांत येतच नाहींत.

त्यांच्यासाठीं सरकारी वही आहे. १७१० पासून उस्तादास मिळणाऱ्या फीवर कर बसला: पन्नास पौंडांपर्यंत पौंडास सहा पेन्स, त्यावर एक शिलिंग. या कराच्या १८११ पर्यंतच्या नोंदी लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत आहेत. १७५० च्या सुमारापर्यंतच्या नोंदींत बापाचें नांव मिळतें, पुढें तें गाळूं लागले. एक गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे. बापानें स्वतःच्याच मुलास उमेदवार घेतलें तर फी नाहीं, फी नाहीं म्हणून कर नाहीं, आणि कर नाहीं म्हणून नोंदहि नाहीं. म्हणजे ज्या नात्याचा आपण शोध करतों तेंच नातें या वहींत दिसत नाहीं. वहींत नसणें हा नात्याच्या अभावाचा पुरावा नव्हे.

लग्नाच्या नोंदी १७५४ पासून विश्वसनीय होतात. १७५३ च्या विवाहकायद्यानें वधूवरांच्या व साक्षीदारांच्या सह्या घेणें आवश्यक झालें. या सह्या सोनारांच्या वहींतील सह्यांशीं ताडून पाहतां येतात, आणि एकाच नांवाच्या दोन मनुष्यांचा घोळ तोडण्यास याहून चांगलें साधन नाहीं. साक्षीदार हे बहुधा मेहुणे किंवा उस्ताद. फ्रान्सांत १६८५ त प्रॉटेस्टंटांचें संरक्षण काढून घेतल्यावर लंडनांत आलेले कारागीर आपल्या देवळांच्या वह्या वेगळ्या ठेवीत. इतरहि स्वतंत्र पंथांच्या लोकांचे बाप्तिस्मे पॅरिशच्या वहींत नसतात. १८५८ पूर्वींचीं मृत्युपत्रें पुष्कळदां कँटरबरीच्या धर्माध्यक्षांच्या न्यायकचेरींत शाबीत होत. त्यांत ‘माझीं हत्यारें अमुक मुलास’ असें वाक्य मिळालें तर धंदा कोणाकडे गेला तें कळतें. सन फायर या कंपनीच्या आगीच्या विम्याच्या वह्या १७१० पासूनच्या आहेत. त्यांत घर, सामान व माल यांची किंमत असते. ओल्ड बेली न्यायालयाच्या खटल्यांचे वृत्तान्त १६७४ पासूनचे आहेत. २००३ पासून ते संगणकावर घरबसल्या वाचतां येतात. चोरीस गेलेल्या डबीचा मालक साक्ष देतांना आपला धंदा, गल्ली, भागीदार, गडी सर्व सांगून जातो. आमच्यासारख्या पुण्याबाहेर न पडलेल्या म्हाताऱ्यास ही मोठीच सोय झाली आहे.

तारखा घेतांना मात्र सावध असावें. १७५१ पर्यंत इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून फेब्रुवारी १७२० अशी जुनी नोंद आपल्या गणनेनें फेब्रुवारी १७२१ ची असते. १७५२ च्या सप्टेंबरांत २ तारखेनंतर एकदम १४ तारीख आली. शुहूर, फसली, राजशक आणि शालिवाहन शक यांची सांगड घालण्यांत ज्यांचा जन्म गेला त्यांस हें अवघड नाहीं. पण विसरल्यास मूल आईबापांच्या लग्नाआधीं जन्मलेलें ठरतें, आणि निष्कारण एका घराण्यास डाग लागतो.

हीं सर्व साधनें एकत्र केलीं असतां कसें चित्र उभें राहतें हें पाहण्यास मोझर घराणें घ्यावें. जॉर्ज मायकेल मोझर याचा जन्म १७०६ त स्वित्झर्लंडांतील शाफहाउझेन येथें झाला. बाप धातूचें काम करी. मुलगा १७२६ त लंडनास आला, आणि सोन्यावरील उठावाच्या कामांत त्या राज्यांतील पहिला कारागीर म्हणून नांवाजला. घड्याळांच्या बाहेरल्या डब्यांवर त्याचें उठावाचें व मीन्याचें काम आहे. राणी शार्लटसाठीं तिच्या दोन वडील मुलांच्या पूर्णाकृति काढून त्यानें एक डबी सजविली, व तिजबद्दल त्यास टोपी भरून गिन्या मिळाल्या, असें सांगतात. तिसऱ्या जॉर्जचा तो बालपणींचा चित्रकलेचा शिक्षक होता. पुढें त्याची पहिली मोठी राजमुद्राहि यानेंच कोरली. १७६८ त रॉयल अकॅडमी स्थापन झाली तेव्हां तो तिचा पहिला कीपर, म्हणजे व्यवस्थापक शिक्षक, झाला, आणि जानेवारी १७८३ त त्याच पदावर वारला. सर जोशुआ रेनल्ड्स यांनीं त्याचा मृत्युलेख लिहिला.

असा मोठा मनुष्य, पण डबीच्या ठशांतून त्याचा पत्ता लागत नाहीं. कारण कस तपासावयास डबी पाठवी तो डबीकार, आणि ठसा त्याचा. उठाव करणारा आपलें नांव कोपऱ्यांत बारीक कोरी, किंवा कोरीतहि नसे. यामुळें विक्रेत्यांनीं बिननांवाची प्रत्येक चांगली डबी मोझरच्या पदरीं घालावयाची, असा प्रकार फार झाला आहे. रिचर्ड एजकम यांनीं २००० सालीं लंडनच्या या उठावकारांवर ग्रंथ लिहिला, त्यांत सहीच्या कामांवरून हातांचे भेद दाखविले आहेत. दुसरा धोका खोट्या लंडनचा. अठराव्या शतकांत यूरोपखंडांतील कारखाने यंत्रावर लंडनचें नांव कोरून, उठावाची डबी घालून, माल खपवीत. तेव्हां ‘लंडन’ हें अक्षर म्हणजे लंडनचा पुरावा नव्हे.

मोझरच्या कुळांत दोन खांचखळगे आहेत. शाफहाउझेन येथेंच १८०५ त हाइनरिख मोझर जन्मला. तो घड्याळजींच्या घरांतला, पुढें सेंट पीटर्सबर्गास जाऊन मोठा व्यापारी झाला. गांव तेंच, आडनांव तेंच, धंदाहि जवळचा. एवढ्यावरून त्यास जॉर्ज मायकेलचा वंशज ठरविण्याचा मोह होतो. परंतु मोझर हें त्या प्रदेशांतील सर्वसाधारण आडनांव आहे, आणि जॉर्ज मायकेलचें मागें राहिलेलें अपत्य एकच, मुलगी मेरी. ही १७४४ त जन्मली. फुलांच्या चित्रांत तिचा हात विलक्षण होता. अकॅडमीच्या संस्थापक सभासदांत ज्या दोनच स्त्रिया होत्या त्यांतली ती एक, दुसरी अँजेलिका कॉफमन. त्यांच्यानंतर पूर्ण सभासदत्व एखाद्या स्त्रीस मिळावयास १९३६ साल उजाडलें. १७९३ त तिनें कॅप्टन ह्यू लॉइड याच्याशीं लग्न केलें, आणि त्यानंतर कागदांत मेरी मोझर नाहींशी होऊन मिसेस लॉइड दिसूं लागते. सासरचें नांव ठाऊक नसल्यामुळें आपल्याकडील किती लेकी वंशवेलींतून गळल्या आहेत, हें कुलवृत्तान्त लिहिणाऱ्यांस सांगावयास नको.

दुसरा खळगा पुतण्याचा. जोसेफ मोझर हा जॉर्ज मायकेलचा भाऊ हान्स याकोब याचा मुलगा. १७४८ त लंडनांत सोहो भागांत जन्मला, चुलत्यापाशीं मीन्याचें काम शिकला, आणि पुढें तें सोडून लेखक व वेस्टमिन्स्टरचा मॅजिस्ट्रेट झाला. मेरी २ मे १८१९ रोजीं वारली, जोसेफ त्याच महिन्याच्या २२ तारखेस. वीस दिवसांत एका घरचे दोन मृत्यु. मीन्याचें काम जाणणाऱ्या घराण्याची दुसरी पिढी अशी एकदम संपली.

झोफानी या चित्रकारानें १७७१-७२ त अकॅडमीच्या सभासदांचें एक समूहचित्र काढलें. त्यांत नमुन्यास बसलेल्या पुरुषाची बैठक ठीक करीत असलेला वृद्ध तो मोझर. नमुना विवस्त्र असल्यामुळें दोघी स्त्रीसभासदांस त्या खोलींत उभें करणें प्रशस्त नव्हतें. म्हणून त्यांच्या तसबिरी भिंतीवर टांगलेल्या दाखविल्या आहेत. बाप कामांत, लेक भिंतीवर. हाच झोफानी १७८३ त हिंदुस्थानांत आला व सहा वर्षें येथें राहिला. लखनौच्या नबाबाच्या दरबारचीं त्याचीं चित्रें आमच्या वाचकांस परिचित असतील.

आतां पुन्हा आमच्या स्नेह्यांच्या घड्याळाकडे. १८१८ चा निर्णय त्यांस कळविण्यास आम्हांस संकोच वाटला. घराण्यांत ज्या वस्तूची दसऱ्यास पूजा होते, तिची कथा मोडावयाची! त्यांनीं पत्र शांतपणें वाचलें आणि विचारलें, “मग आमच्याकडे आलें केव्हां?” या प्रश्नाचें उत्तर लंडनांत मिळण्यासारखें नव्हतें. बाहेरल्या डबींत, आंतली डबी खुळखुळूं नये म्हणून, कापडाच्या व कागदाच्या गोल चकत्या घालीत. दुरुस्ती करणारे घड्याळजी त्यावर आपलें नांव छापीत, कधीं तारीख लिहीत. पुष्कळ संग्राहक घड्याळ स्वच्छ करतांना या चकत्या फेंकून देतात. कोणी तसें करूं नये अशी आमची हात जोडून विनंती आहे. सुदैवानें या घरीं घड्याळ कोणी स्वच्छच केलें नव्हतें. चिमट्यानें तीन चकत्या काढल्या. दोन कोऱ्या; तिसरी वहीच्या कागदाची कातरलेली, आणि तिच्या पाठीवर मोडींत दोन ओळी. घड्याळ मुंबईस दुरुस्तीस पाठविलें, रुपये सहा, शके १७४८ व्ययनाम संवत्सर. शके १७४८ म्हणजे इ. स. १८२६-२७, त्या शकास संवत्सर व्ययच येतें, म्हणून लेख खरा. संवत्सराचें नांव आणि ओळीचा विषय यांचा योग पाहून आम्हां दोघांसहि हसूं आलें.

म्हणजे १८१८ ते १८२६ या आठ वर्षांत केव्हां तरी घड्याळ त्या घरांत आलें. त्या काळीं घरचा कारभार ज्यांच्या हातीं होता त्यांचें मोडी अक्षर घरच्या खतावण्यांत आहे, आणि चकतीवरील ‘घ’ व ‘स’ यांचीं वळणें त्याशीं जुळतात. हे गृहस्थ परंपरेंत ज्यांचें नांव येतें त्यांचे नातू. कुलवृत्तान्तांत त्यांच्याविषयीं ‘यांची कांहीं माहिती नाहीं’ एवढीच ओळ होती. आमच्या स्नेह्यांनीं शिल्लक राहिलेल्या प्रतींत चिकटविण्यासाठीं दुरुस्तीची चिठी छापून घेतली आहे. ती ओळ खोडून तेथें घड्याळाचा मजकूर घातला आहे, आणि आमचें १७७८ चें मत आमच्याच सांगण्यावरून काढून टाकलें आहे. चकती पुन्हा डबींत, होती त्याच बाजूनें, ठेविली आहे.